पिल्लू चावतं तेव्हा: सल्ल्यांची गर्दी आणि पुराव्याचं वजन

घरात नवीन कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी हमखास होतात. पिल्लू सगळ्यांच्या हातापायांना चावत सुटतं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यावर एक सल्ला देऊन जातो. नाकावर टिचकी मारा. तोंड दाबून धरा. उताणं पाडून धरा, म्हणजे मालक कोण ते कळेल. ‘आई गं!’ असं जोरात ओरडा. हाताला कडुलिंबाचा रस लावा. काहीच करू नका, मोठं झालं की आपोआप थांबेल.

यातला प्रत्येक सल्ला देणारा माणूस एकच वाक्य शेवटी जोडतो: ‘आमच्याकडे याचाच उपयोग झाला.’ आणि तो खोटं बोलत नसतो. सगळी अडचण इथूनच सुरू होते.

माझी पीएचडी प्राण्यांच्या वर्तनावर आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. आजच्या लेखात मी या सल्ल्यांमागचे तीन मोठे विचार घेणार आहे आणि त्यांच्यामागे नक्की कोणता पुरावा उभा आहे ते तपासणार आहे. ज्या शोधनिबंधांचा हवाला दिला जातो, त्यांनाही तेच प्रश्न विचारणार आहे. शेवटी, एवढं सगळं चाळून झाल्यावर हातात काय उरतं तेही सांगते, कारण तुमच्या घरातलं पिल्लू संशोधन पूर्ण व्हायची वाट बघत थांबणार नाही.

आधी, चावणं म्हणजे काय?

पिल्लाला साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दुधाचे दात येतात, एकूण 28. सुईसारखे टोकदार. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. या मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात, आणि पिल्लाला हात नसल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू ते तोंडानेच ‘हाताळून’ बघतं.

दुसरी गोष्ट खेळाची. पिल्लांचा आपसातला खेळ म्हणजे पाठलाग, झोंबाझोंबी आणि चावाचावी. अमेरिकेतले संशोधक मार्क बेकॉफ यांनी 1995 मध्ये कुत्र्यांच्या खेळातल्या त्या ओळखीच्या ‘वाकण्या’वर एक निबंध लिहिला. पुढचे पाय पसरलेले, पार्श्वभाग वर, शेपटी हलतेय, ती मुद्रा. त्यांना असं दिसलं की ही मुद्रा कुठेही, कशीही येत नाही. ज्या चाव्याचा गैरसमज होऊ शकतो, म्हणजे चावून डोकं झटकण्यासारखा चावा, त्याच्या लगेच आधी किंवा नंतर ती जास्त करून येते. जणू पिल्लू सांगतंय, ‘हे खेळातलं होतं बरं का.’

म्हणजे आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू तुमच्या पायजम्याला लटकतं तेव्हा ते रागावलेलं नसतं, आणि घरावर सत्ताही मिळवत नसतं. ते तुम्हाला भावंड समजून खेळत असतं. अपवाद आहेत: अंग ताठ करून, एका जागी गोठून, खाण्याच्या भांड्यावर वाकून गुरगुरणारं पिल्लू वेगळं काहीतरी सांगत असतं, आणि त्यासाठी पशुवैद्यांना दाखवायला हवं. पण बहुतेक पिल्लांचं बहुतेक चावणं हे खेळाचं असतं. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

पहिला विचार: ‘मालक कोण ते दाखवून द्या’

उताणं पाडणं, मानगूट धरून हलवणं, तोंड दाबणं या सगळ्यांमागे एकच कल्पना आहे. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या टोळीत एक ‘अल्फा’ असतो, तो बाकीच्यांना दाबून ठेवतो, तेव्हा घरातला अल्फा तुम्ही व्हा.

या कल्पनेची वंशावळ बघण्यासारखी आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये लांडग्यांवरचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या प्राणिसंग्रहालयातले होते, कुंपणाआड एकत्र ठेवलेले. 1970 मध्ये डेव्हिड मेक यांचं लांडग्यांवरचं मोठं पुस्तक आलं आणि ‘अल्फा’ हा शब्द सर्वदूर पोचला. 1978 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातल्या, जर्मन शेफर्ड पाळणाऱ्या साधूंनी कुत्रा कसा वाढवावा यावर पुस्तक लिहिलं. ते अफाट खपलं, आणि उताणं पाडून धरण्याची शिक्षा त्यातून घराघरांत गेली.

आता गंमत बघा. मेक यांनी पुढे कॅनडाच्या एल्समिअर बेटावर रानटी लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं की नैसर्गिक टोळी म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं: आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे ‘अल्फा’ म्हणणं म्हणजे तुमच्या घरात आईला ‘अल्फा’ म्हणण्यासारखं आहे. त्या साधूंनीही 2002 च्या सुधारित आवृत्तीत उताणं पाडण्याचा सल्ला मागे घेतला. ज्यांनी कल्पना पसरवली त्यांनीच ती सोडली, पण सल्ला मात्र आपल्या सोसायटीच्या गेटपर्यंत येऊन पोचला आहे आणि ठाण मांडून बसला आहे.

उताणं होण्याचा अर्थसुद्धा आपण गृहीत धरला होता. 2015 मध्ये कॅनडातल्या केरी नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या खेळातलं उताणं होणं बारकाईने मोजलं. त्यांना ते शरणागतीचं लक्षण दिसलं नाही. मानेवरचा चावा चुकवायला किंवा खालून स्वतः चावायला कुत्रे उताणे होत होते. म्हणजे आपण ज्याला ‘हार मान्य केली’ म्हणतो, तो कुत्र्याच्या दृष्टीने कुस्तीतला एक डाव असू शकतो.

मग शिक्षेचा परिणाम काय होतो?

इथे सगळ्यात जास्त हवाला दिला जातो तो 2009 च्या एका अभ्यासाचा. मेघन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय वर्तन-चिकित्सालयात आलेल्या मालकांना विचारलं: आधी कोणकोणते उपाय केलेत, आणि त्यावर कुत्र्याने काय केलं? 140 प्रश्नावल्या भरून आल्या. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ मारली, त्यांतल्या 43 टक्के लोकांनी सांगितलं की कुत्रा उलट अंगावर आला. तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढण्यावर 39 टक्के. उताणं पाडण्यावर 31 टक्के. मानगूट किंवा गाल धरून हलवण्यावर 26 टक्के.

आकडे बोलके आहेत, आणि म्हणूनच ते सगळीकडे चिकटवले जातात. पण थांबा. हे कुत्रे कोण होते? वर्तनाची तक्रार घेऊन तज्ज्ञाकडे आणलेले. ज्यांना शिक्षा लागू पडली असं वाटलं, ते मालक तिथे आलेच नसतील. शिवाय मालकांच्या आठवणीवर सगळं अवलंबून आहे, आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. त्यामुळे ‘उताणं पाडलं तर दर तीन कुत्र्यांतला एक चावेल’ असा अर्थ काढणं चूक आहे. लेखकांनीही तसा दावा केलेला नाही. तो दावा हवाला देणाऱ्यांचा आहे.

मग या अभ्यासाचा उपयोग काय? त्यातून एवढं नक्की कळतं की आधीच अडचणीत असलेल्या कुत्र्यावर दांडगाई करणं माणसाला धोक्याचं आहे. आणि तुमचं कुत्रं त्या गटातलं आहे की नाही, हे तुम्हाला आधी माहीत नसतं.

दुसरा अभ्यास जास्त नेटका आहे. पोर्तुगालमधल्या आना कातारिना व्हिएरा दे कास्त्रो आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये पोर्तो परिसरातल्या प्रशिक्षण-शाळांमधले 92 पाळीव कुत्रे घेतले. काही शाळा बक्षिसावर चालणाऱ्या, काही शिक्षेवर, काही मधल्या. त्यांनी मालकाला विचारलं नाही. प्रशिक्षणाचे व्हिडिओ घेतले आणि लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. शिक्षा जास्त असलेल्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली, आणि प्रशिक्षणानंतर कॉर्टिसोलही जास्त वाढलं. इथेही एक फट आहेच. कोणता कुत्रा कोणत्या शाळेत जाईल हे संशोधकांनी चिठ्ठी टाकून ठरवलं नव्हतं, मालकांनी ठरवलं होतं. पण दोन वेगळ्या पद्धतींचे, वेगवेगळ्या उणिवा असलेले अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा त्या दिशेवरचा विश्वास वाढतो. पुरावा असाच साचत जातो.

दुसरा विचार: ‘किंचाळा, म्हणजे चावा हलका होईल’

हा विचार सौम्य आहे आणि आज बहुतेक प्रशिक्षक तो सांगतात. त्याचा सगळ्यात प्रभावी प्रवक्ता म्हणजे इयान डनबार. ते पशुवैद्य, आणि पिल्लांच्या मोकळ्या वर्गांची पद्धत लोकप्रिय करणारे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पिल्लाचं चावणं एकदम बंद करू नका. आधी चाव्याचा जोर कमी करायला शिकवा, मग चावण्याची संख्या. कारण पुढे आयुष्यात कधीतरी दार शेपटीवर आपटेल, पोर अंगावर पडेल, आणि कुत्रा चावेलच. लहानपणी जोर आवरायला शिकलेला कुत्रा तेव्हा नुसता दात टेकवेल. न शिकलेला फाडेल.

तर्क म्हणून मला हा विचार आवडतो. तो कुत्र्याला यंत्र समजत नाही आणि वाईटात वाईट दिवसाची तयारी करतो. पण तर्क आवडणं वेगळं आणि तो सिद्ध असणं वेगळं. हा सल्ला अनुभवातून आलेला आहे, आणि त्याचा पाया एका गृहीतकावर आहे: भावंड जोरात चावलं की दुसरं पिल्लू किंचाळतं, खेळ थांबतो, आणि चावणारं पिल्लू शिकतं. माणसाने तसाच आवाज काढला तर तोच परिणाम होईल.

यात दोन उड्या आहेत. पहिली उडी अशी की भावंडांच्या खेळात हिशेब एवढा सरळ असतो. कॅमिल वॉर्ड, एरिका बाउअर आणि बार्बरा स्मट्स यांनी 2008 मध्ये एकाच वीणीतल्या पिल्लांचा खेळ लहानपणापासून काही महिने पाहिला. त्यांना खेळ समसमान दिसला नाही. काही पिल्लं वरचढ राहत होती आणि वय वाढेल तसा तो फरक वाढत होता. तरी खेळ चालू राहत होता. म्हणजे ‘जोरात चावलं की खेळ बंद’ हा साफसूफ नियम खऱ्या खेळावर बसवणं अवघड आहे.

दुसरी उडी जास्त मोठी आहे. तुमची किंकाळी पिल्लाला भावंडाच्या किंकाळीसारखी वाटते का? ज्यांनी करून बघितलंय त्यांना विचारा. काही पिल्लं दचकून थांबतात. काही मात्र आणखी चेकाळतात, कारण पिळल्यावर आवाज करणाऱ्या खेळण्यात आणि तुमच्यात त्यांना फरक वाटत नाही. तुमचं पिल्लू दुसऱ्या प्रकारचं असेल तर तिसऱ्यांदा ओरडण्यात काही अर्थ नाही. किंकाळी सोडून द्या. खेळ थांबवणं हा भाग तेवढा ठेवा, कारण शिकण्याच्या नियमांत बसतो तो तोच: वागण्यानंतर हवीशी गोष्ट निघून गेली तर ते वागणं कमी होतं.

सगळेच सल्ले खरे का वाटतात?

आता सुरुवातीच्या अडचणीकडे येऊ. टिचकीवाले, किंचाळणारे, कडुलिंबवाले आणि काहीच न करणारे, सगळे म्हणतात उपयोग झाला. असं कसं?

कारण पिल्लू मोठं होतं. दात बदलून होतात, खेळाची तऱ्हा बदलते, आणि बहुतेक पिल्लांचं असं हातापायाला चावणं काही महिन्यांत ओसरतं. तुम्ही दहाव्या आठवड्यात एखादा उपाय सुरू करा आणि सातव्या महिन्यात मागे वळून बघा. फरक दिसणारच. सर्दी सात दिवसांत बरी होते आणि काढा घेतला तर आठवड्यात, तसाच हा प्रकार. जी गोष्ट वयानुसार आपोआप कमी होते, तिच्यावरचा कुठलाही उपाय यशस्वी दिसतो, निरुपयोगीही आणि घातकही.

यातून सुटायचा मार्ग एकच, तुलना. समजा मला हा प्रयोग करायचा आहे. मी एकाच वयाची पिल्लं घेईन. चिठ्ठी टाकून तीन गट करीन: एकात किंचाळून खेळ थांबवायचा, दुसऱ्यात न ओरडता थांबवायचा, तिसऱ्यात फक्त खेळणं पुढे करायचं. दर आठवड्याला व्हिडिओ काढीन, आणि कोणतं पिल्लू कोणत्या गटातलं हे माहीत नसलेल्या माणसाकडून चावे मोजून घेईन. एवढं तरी सोपं आहे. पण डनबार यांचा खरा दावा पुढचा आहे, मोठेपणीच्या चाव्याच्या जोराचा. तो तपासायचा तर हीच पिल्लं वर्षानुवर्षं पाहायला हवीत, आणि चावा ही घटना इतकी विरळ आहे की आकडे जमवायला शेकडो कुत्रे लागतील. मुद्दाम दुखवून चावायला लावणं तर नैतिकदृष्ट्या बादच. म्हणून हा दावा अनुभवाच्या पातळीवर राहतो.

मग निवड कशी करायची? माझं म्हणणं एवढंच आहे: फायद्यात फरक करता येत नसेल, तेव्हा सल्ले तोट्यावरून तोला. खेळ थांबवला आणि त्याचा उपयोग झाला नाही, तर काय गेलं? काहीच नाही. पिल्लाला उताणं पाडलं आणि उपयोग झाला नाही, तर जवळ येणारा हात म्हणजे धोका एवढं पिल्लू शिकलं. शिवाय गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडून थेट चावू शकतो, म्हणजे तुमची धोक्याची घंटा तुम्हीच काढून ठेवली. ‘आमच्याकडे उपयोग झाला’ हे वाक्य दोन्ही बाजूंना सारखंच बोलता येतं. तोटा मात्र सारखा नाही.

तिसरा विचार: ‘आठ आठवडे आईजवळ राहू द्या’

चावा आवरायला पिल्लू आई-भावंडांत शिकतं, म्हणून लवकर तोडू नका, हा सल्ला सगळे देतात. भारतात 2017 च्या श्वान प्रजनन आणि विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही.

यासाठी इटलीतल्या लुडोविका पिएरांतोनी आणि सहकाऱ्यांचा 2011 चा अभ्यास दाखवला जातो. 70 कुत्रे 30 ते 40 दिवसांचे असताना आईपासून वेगळे केलेले, 70 दोन महिन्यांचे असताना. मालकांना फोनवर प्रश्न विचारले. लवकर वेगळ्या केलेल्यांत जास्त भुंकणं, फिरताना घाबरणं, आवाजांना दचकणं, खेळणी आणि खाणं कोणाला न देणं, सतत लक्ष मागणं हे जास्त आढळलं.

यादी पुन्हा वाचा. निबंधाच्या सारांशातल्या या यादीत चावणं नाही. लवकर तोडण्याविरुद्धचा हा चांगला पुरावा आहे, पण ‘लवकर तोडलेलं पिल्लू जोरात चावतं’ याचा पुरावा म्हणून तो वापरला जातो, तेव्हा निबंधावर न केलेलं काम लादलं जातं. आणखी एक बारीक गोष्ट: पेट शॉपमधून घेतलेल्या कुत्र्यांमध्ये वयाचा फरक दिसला, ब्रीडरकडून किंवा ओळखीच्यांकडून घेतलेल्यांत तसा दिसला नाही. म्हणजे दिवस मोजण्याइतकंच, ते दिवस कुठे गेले हेही महत्त्वाचं.

आणि आपल्याकडची बरीच पिल्लं विकत घेतलेली नसतातच. ती गटाराच्या कडेला, पार्किंगमध्ये, बांधकामाच्या वाळूत सापडतात. कोलकात्याच्या आयसरमधल्या मनबी पॉल, अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी 95 वीणींतल्या 364 भटक्या पिल्लांचा माग ठेवला आणि 2016 मध्ये निष्कर्ष छापले. सात महिन्यांपर्यंत साधारण 19 टक्केच पिल्लं जगली, आणि मृत्यूंपैकी 63 टक्क्यांत माणसाचा हात होता. अशा ठिकाणाहून पाच आठवड्यांचं पिल्लू उचलणाऱ्या मुलीला ‘आईजवळ आठ आठवडे ठेवायला हवं होतं’ असं सुनावणं निव्वळ क्रूर आहे. आई आणि जागा सुरक्षित असेल तर जरूर थांबा, तिथेच खायला घाला. नसेल तर उचला, आणि लसीकरण झालेल्या शांत मोठ्या कुत्र्याशी त्याची गाठ घालून द्या. आईकडून राहिलेले धडे तो पुरे करू शकतो.

पुस्तकांत अर्ध्या ओळीत उरकलेली गोष्ट

वरची बहुतेक पुस्तकं अशा देशांत लिहिली गेली जिथे कुत्र्यांमधला रेबीज जवळजवळ संपला आहे. तिथे ‘पिल्लू चावतं, चालायचंच’ हे वाक्य निरुपद्रवी आहे. आपल्याकडे नाही. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी देतात, आणि चावण्याचा बहर नेमका त्याआधीचा. ‘एवढंसं तर आहे, त्याला कुठला रेबीज’ ही समजूत चुकीची आहे. पिल्लालाही रेबीज होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात उघड्या त्वचेला दात लागणं, रक्त न येता ओरखडा उठणं हा दुसरा वर्ग आहे, आणि त्यालाही लस सांगितलेली आहे. त्वचा फाटून रक्त आलं तर तिसरा वर्ग. तिथे लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. तेव्हा रस्त्यावरून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लाचा दात लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. पुढचं डॉक्टर ठरवतील. ‘खेळताना चावलं’ म्हणून ही पायरी गाळायची नाही. घरात लहान मूल असेल तर पिल्लू आणि मूल दोघांनाच कधीही सोडू नका, मग पिल्लू कितीही गोड असो.

हातात काय उरलं?

चाळणीतून जे खाली पडलं ते कंटाळवाणं आहे, पण उपयोगाचं आहे.

हात हे खेळणं करू नका. बोटं नाचवून चिडवायचं आणि चावल्यावर रागवायचं, हे पिल्लाला समजत नाही. हाताऐवजी गाठी मारलेली जाड दोरी किंवा चावायचं खेळणं कायम जवळ ठेवा आणि दात लागायच्या आधी पुढे करा. हिरड्या शिवशिवत असतील तर फडकं ओलं करून, फ्रीजरमध्ये ठेवून द्या, तुमच्या नजरेखाली.

दात लागलाच तर हात झटकू नका. झटकलेला हात म्हणजे पळणारं सावज. हात सैल सोडा, खेळ बंद करा, उठून अर्धा मिनिट दाराआड जा. परत या, शांत असेल तर खेळ पुन्हा सुरू. बोलणं नाही, रागावणं नाही. आणि हे घरातल्या सगळ्यांनी सारखं करायचं. आजोबांनी चावू दिलं आणि आईने खेळ थांबवला, तर पिल्लू एवढंच शिकतं की आजोबा मजेशीर आहेत.

झोप बघा. संध्याकाळी सातला पिसाळल्यासारखं पळणारं, चावणारं पिल्लू बऱ्याचदा पेंगुळलेल्या बाळासारखं दमलेलं असतं. त्याला शिक्षण नको, अंधारा कोपरा हवा. आणि पायाशी शांत बसलेलं असताना त्याला दाद द्या. तेव्हा आपण हमखास फोन बघत असतो.

घाई करू नका. पिल्लू चावतं म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याला परत देणारे, गच्चीवर बांधून ठेवणारे किंवा रात्री दुसऱ्या गल्लीत नेऊन सोडणारे लोक आहेत. जी गोष्ट आणखी काही महिन्यांत ओसरली असती, तिची किंमत ते पिल्लू आयुष्यभर मोजतं. कुत्र्याची इतरांशी जुळवून घेण्याची सवय मुख्यतः तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात घडते, हे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी 1965 मध्येच पुस्तकात मांडलं. त्या काळाच्या शेवटाशी त्याला माणसांपासून तोडून बांधून ठेवणं म्हणजे आजचा खेळातला चावा सोडवायला जाऊन उद्याचा भीतीतला चावा तयार करणं.

पुढच्या वेळी कोणी म्हणालं, ‘आमच्याकडे याचाच उपयोग झाला,’ तर वाद घालू नका. फक्त विचारा: तेव्हा पिल्लू किती महिन्यांचं होतं? आणि उपयोग झाला नसता, तर त्याचं काय बिघडलं असतं?